तीन नंबरचा बावटा

पखवाजाची गोष्ट माझ्या कानावर आली ती लसीकरणाच्या दिवशी. श्रावण लागला होता, उपकेंद्राच्या पडवीत ओल्या छत्र्या उघड्या ठेवल्या होत्या, आणि बाळांची कार्डं लावता लावता आशाताई सहज म्हणाली, "काकांनी आपलो पखवाज शेजारच्या झिलाक देऊन टाकल्यानी. म्हणाले, माका आता कित्याक व्हयो?"

बसलेल्या बायकांना कौतुक वाटलं. म्हाताऱ्या माणसानं पोराला वाद्य दिलं, विद्या पुढे गेली. मलाही पहिल्या क्षणी तसंच वाटलं. पण गणपती दोन आठवड्यांवर आले होते. पंचवीस-तीस वर्षं वाडीतल्या प्रत्येक घरच्या भजनाला ज्या माणसाच्या पखवाजावर टाळ पडतात, तो माणूस ऐन गणपतीच्या तोंडावर पखवाज देऊन टाकतो? हातातली सिरिंज मी ट्रेमध्ये ठेवली आणि आशाताईला विचारलं, "कधी दिला?" "झाले चार दिवस."

मी देवगड तालुक्यातल्या एका उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी म्हणून काम करते. हे प्रकरण काका आणि काकी यांच्या संमतीनं लिहिते आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, घडलेल्या गोष्टींचा क्रम मात्र तोच ठेवला आहे. काका आज हयात आहेत, बागेत जातात, हे आधीच सांगते, म्हणजे वाचणाऱ्याच्या जिवाला घोर लागणार नाही.

आधीचं सगळं

काकांचं वय ५८. स्वतःची दीडएकशे हापूसची कलमं, आणि दुसऱ्याची एक बाग कराराने घेतलेली. लागोपाठ दोन हंगाम वाईट गेले. पहिल्या वर्षी थंडी वेळेवर पडली नाही, मोहोर उशिरा आला. दुसऱ्या वर्षी मोहोर झकास आला, पण फुलकिडीनं धरला. फवारणीवर फवारणी झाली, आणि जो काही आंबा झाडावर टिकला तो एप्रिलअखेरच्या अवकाळी पावसानं डागाळला. बागायतदाराचं गणित बाहेरच्याला कळत नाही. औषधं दुकानातून उधारीवर येतात, राखणदार आणि फवारणीवाले यांची मजुरी रोख द्यावी लागते, सोसायटीचं पीककर्ज असतं, शिवाय ओळखीतले हातउसने. पट्टी, म्हणजे विक्रीचा हिशेब आणि पैसे, हातात येते ती वाशीच्या मार्केटला पेट्या गेल्यावर. त्या वर्षी पट्टी आली आणि औषधवाल्याचंही देणं त्यातून फिटलं नाही. काकींच्या पाटल्या आधीच बँकेत होत्या.

त्याआधी दोन वर्षं काका आंबा काढताना झाडावरून पडले होते. हाड मोडलं नाही, पण कंबर कायमची धरली. दुखण्यानं रात्री जाग यायची. रक्तदाबाच्या गोळ्या आमच्याकडून चालू होत्या. संध्याकाळची जी थोडी घ्यायचे ती 'थोडी' राहिली नव्हती. मुलगा डोंबिवलीला, नातू शाळेत. फोन व्हायचा, येणं वर्षातून दोनदा.

आणि एक गोष्ट, जी मला फार उशिरा कळली. काकांचे धाकटे चुलते तीस वर्षांपूर्वी आत्महत्येनं गेले होते. घरात त्यांचा फोटो नाही. त्यांचं नाव श्राद्धाला घेतात, एरवी कुणी काढत नाही.

मानसिक आरोग्याचं प्रशिक्षण घेतलेल्या कुणालाही हे वाचून सगळे जोखमीचे घटक एकापाठोपाठ दिसतील: पुरुष, साठीकडे झुकलेला, कर्जात, सततचं दुखणं, दारू, रक्ताच्या नात्यात आधी घडलेली आत्महत्या, मूल लांब. दिसावेतच. पण खरं सांगायचं तर असे पुरुष माझ्या रजिस्टरमध्ये कितीतरी आहेत, आणि त्यांतले जवळजवळ सगळे आपलं आयुष्य नीट पार पाडतील. जोखमीच्या घटकांवरून कोण जीव देईल हे सांगता येत नाही. कुणाकडे जरा जास्त लक्ष ठेवावं, एवढंच त्यांतून कळतं. ते वर्षानुवर्षं माणसासोबत असतात. धोक्याची खूण वेगळी असते. ती ताजी असते, गेल्या काही दिवसांत किंवा आठवड्यांत उमटलेली, आणि त्या माणसाच्या नेहमीच्या वागण्यात न बसणारी. पावसाळ्यात दर्या खवळलेला असणारच. पण होडी हाकणारा तांडेल वारा कुठून फिरला ते बघतो.

"आपल्या कोकणात शेतकरी असं करत नाहीत, ते तिकडे विदर्भ-मराठवाड्यात," हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आले आहे. ऐकायला बरं वाटतं, आणि त्यामुळेच ते घातक आहे. २०२२ साली देशात १,७०,९२४ माणसं आत्महत्येनं गेल्याची नोंद राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे आहे. त्यांत महाराष्ट्रातली २२,७४६, म्हणजे सर्व राज्यांत सर्वाधिक. दर दहांत सात पुरुष. कारणांत पहिलं कौटुंबिक अडचणी, त्यानंतर आजारपण. यातलं काही घाटावरच थांबतं, असं मानायला मला तरी कारण दिसत नाही.

प्रत्येकाकडे एक तुकडा

लसीकरण आटोपल्यावर मी आशाताईला घेऊन बसले आणि मग चार फोन केले. त्या दीड तासात जे कळलं ते आजही माझ्या डोळ्यांसमोरून जात नाही. वाडीत सगळ्यांनी सगळं पाहिलं होतं, पण प्रत्येकाच्या वाट्याला एकच तुकडा आला होता.

किराणा दुकानदार म्हणाला, काकांनी गेल्या आठवड्यात वहीवरची सगळी उधारी चुकती केली. नेहमी चतुर्थीनंतर देणारा माणूस. "कोणाचा काय ऱ्हवाक नको," असं म्हणाले. दुकानदाराला अर्थातच आनंद झाला होता.

भजनातले बुवा म्हणाले, एकादशीला आले नाहीत, त्याआधी आले ते मागे भिंतीला टेकून बसले. कंबर दुखत असेल, म्हणून कुणी काही बोललं नाही.

बागेतला गडी म्हणाला, पाऊस असला तरी मांगरात जाऊन एकटेच बसतात. मांगर म्हणजे बागेतली खोपी, तिथे फवारणीचं सामान असतं. गड्यानं "काय करतत?" विचारलं, तर म्हणाले, "काय नाय, गळता काय बघतंय."

मुलाशी बोलणं झालं तेव्हा मात्र माझे हात गार पडले. तो खूश होता. म्हणाला, "मॅडम, बाबा एवढ्यात खूप मोकळे झालेत. रविवारी स्वतःहून फोन केला. सातबारा कुठे, विम्याचे कागद ट्रंकेत कुठल्या पिशवीत, कुणाचे किती द्यायचे, सगळं सांगितलं. इतकी वर्षं मला काही विचारू देत नव्हते."

आणि काकी. काकी आधी रडल्या, मग म्हणाल्या, रात्री तीनला उठून पडवीत बसतात. माशाचं ताट तसंच परत येतं. जूनमध्ये एकदा म्हणाले होते, "माज्याशिवाय तुमचा बरा चलतला." काकींनी त्यांना दटावलं होतं. "पण बाय, ह्या आठवड्यात बरे आसत. दाढी केल्यानी, बहिणीक भेटान इले, माज्याशी गोड बोलले. देवान आयकल्यान माजा."

हे शेवटचं वाक्य मी सगळ्यांत आधी इथे लिहायला हवं होतं, कारण याच खुणेनं सगळेच फसतात. महिनोन् महिने खचलेला माणूस, कर्ज तसंच, दुखणं तसंच, औषधोपचार काहीच नाही, आणि अचानक शांत, हसतमुख होतो. घरच्यांचा जीव भांड्यात पडतो. पण काही वेळा ती शांतता घालमेल संपल्याची असते, आणि घालमेल संपलेली असते कारण निर्णय झालेला असतो. बरं होणारा माणूस सहसा हळूहळू बरा होतो: आधी झोप, मग जेवण, मग चार शब्द. काकांची झोप आणि जेवण दोन्ही अजून उडालेलंच होतं. फक्त चेहरा निवला होता.

देवगड बंदरात वादळाची खबर आली की तीन नंबरचा बावटा लागतो. गुजरातच्या, कर्नाटकच्या नौकाही आसऱ्याला आत येतात. बावटा लावणं हे तिथे कुणाचं तरी नेमून दिलेलं काम असतं. वाऱ्याच्या, ढगांच्या, लाटांच्या खबरा एका जागी जमतात आणि मग बावटा चढतो. वाडीत या खबरा जमण्याची जागा कुठेच नव्हती. दुकानदाराला पखवाज माहीत नव्हता, बुवांना विम्याचे कागद माहीत नव्हते, मुलाला रात्रीची जाग माहीत नव्हती. सुटी सुटी प्रत्येक गोष्ट भली दिसत होती: उधारी फेडली, विद्या दिली, मुलावर विश्वास टाकला, बहिणीला भेटून आले.

विचारणं

संध्याकाळी पाचला मी आणि आशाताई गेलो. रक्तदाब तपासायचा म्हणून गेलो, आणि ते खोटंही नव्हतं, काका दीड महिना गोळ्या न्यायला आले नव्हते. यंत्राचा पट्टा दंडाला बांधला. १६८ वर १०४. आशाताई काकींना घेऊन मागच्या दारी गेली. पडवीत आम्ही दोघंच. वळचणीचं पाणी खळ्यात पडत होतं. खुंटीवर पखवाजाची लाल खोळ तशीच टांगलेली होती, रिकामी.

प्रशिक्षणात शिकले होते की सरळ विचारायचं. आत्महत्येबद्दल विचारल्यानं तो विचार डोक्यात शिरतो, हा समज चुकीचा आहे, अभ्यासांतून तसं काही दिसलेलं नाही. उलट विचारल्यानं बऱ्याच जणांना सुटल्यासारखं होतं. हे सगळं पाठ होतं. तरी जीभ जड झाली. वडिलांच्या वयाचा माणूस. "तसं वेडंवाकडं काही मनात नाही ना?" असं विचारायचा मोह फार झाला. तसं विचारू नये. त्या प्रश्नात उत्तर आधीच भरलेलं असतं. समोरच्यानं फक्त 'नाय गो' म्हणायचं आणि आपण सुटायचं.

मी म्हटलं, "काका, पखवाज दिलात, उधारी फेडलात, झिलाक कागद दाखवलात. झोप नाय, जेवण नाय. माका भीती वाटता. तुमच्या मनात जीव देवचो इचार येता काय?"

काकांनी माझ्याकडे बघितलं नाही. अंगठ्याच्या नखाखाली काहीतरी पांढरं सुकलेलं होतं, ते टोकरत राहिले. मागाहून कळलं, ती कणीक होती. शेजारच्या पोराला ते पखवाजाच्या धुमेला, म्हणजे डाव्या तोंडाला, कणीक लावायला शिकवत होते, त्याच दिवशी दुपारी. किती लावायची, आवाज कसा उतरवायचा. आपण नसताना पोराचं अडू नये म्हणून.

बऱ्याच वेळानं म्हणाले, "येता."

"कधीपासून?"

"मिरगापासून."

मग मी पुढचं विचारलं: कसं, कधी, हे ठरवलंय का, त्यासाठी काही हाताशी ठेवलंय का, आधी कधी प्रयत्न केला होता का. त्यांनी सगळं सांगितलं, शांतपणे. काय ठरवलं होतं ते मी लिहिणार नाही, त्याचा कुणालाच उपयोग नाही. दिवस ठरला होता, एवढं पुरे. गणपती व्हायच्या आत. सणात घरच्यांना त्रास नको म्हणून. पुन्हा तेच, आपण ओझं आहोत आणि ओझं सोयीच्या वेळी उतरवावं. ही 'मी कुणावर तरी भार आहे' ही भावना माझ्या मते सगळ्यांत जड खूण आहे. कोकणातल्या बापमाणसाला ती कर्तव्याच्या वेषात येते, म्हणून ओळखू येत नाही.

मी त्यांना समजावलं नाही. 'नातवाकडे बघा', 'देवानं दिलेला जीव' यातलं काही बोलले नाही. म्हटलं, "बरा केलात सांगलात. आता ह्या तुमच्या एकट्याचा नाय." आणि तेव्हा ते रडले.

त्या रात्रीपासून पुढे

ठरलेला बेत, ठरलेला दिवस आणि हाताशी साधन, या तिन्ही गोष्टी असल्या की माणसाला एक मिनिटही एकटं ठेवायचं नाही. काकींना आत बोलावून काकांच्या समोरच सांगितलं, त्यांची परवानगी घेऊन. काकींचा पहिला प्रश्न होता, "बाय, पोलीस केस होतली काय गो?" ही भीती इतकी खोल बसली आहे की माणसं दवाखान्याची पायरी चढत नाहीत. त्यांना सांगितलं, मनात विचार येणं हा कधीच गुन्हा नव्हता. प्रयत्न केलेल्या माणसालासुद्धा २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या ११५ व्या कलमानुसार तीव्र तणावाखाली असल्याचं धरायचं असतं. त्याला शिक्षा करायची नाही, उपचार द्यायचे. आत्महत्येच्या प्रयत्नाला शिक्षा सांगणारं जुन्या दंडसंहितेतलं ३०९ कलम १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या संहितेत आलेलंच नाही.

काकींचे भाऊ बोलावले. त्यांनी मांगराची किल्ली घेतली आणि फवारणीची सगळी औषधं त्याच रात्री गाडीत घालून आपल्या गावी नेली. हे काम घरच्यांना कधी कधी अपमानाचं वाटतं, 'एवढा काय विश्वास नाही?' पण ऊर्मी लाटेसारखी येते आणि ओसरते. ती ओसरेपर्यंत साधन लांब असणं हाच कितीतरी वेळा जगणं आणि जाणं यातला फरक ठरतो. काकांना मी तसंच सांगितलं. ते म्हणाले, "न्हेवंदे."

टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या क्रमांकावर तिथूनच फोन लावला. हा क्रमांक ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, चोवीस तास, फुकट, आणि मराठीत बोलता येतं. समुपदेशकानं काकांशी वीस-पंचवीस मिनिटं बोलणं केलं. रात्री मेहुणे पडवीत त्यांच्या शेजारी झोपले. सकाळी आम्ही त्यांना ओरोसला जिल्हा रुग्णालयात नेलं. तीव्र नैराश्य असं निदान झालं. दारूचाही विचार करून औषधं ठरली, काही दिवस दाखल करून घेतलं. मुलगा दुसऱ्याच दिवशी आला. हॉस्पिटलच्या बाकावर तो मला एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत होता, "मला वाटलं बाबा माझ्यावर विश्वास टाकतायत." त्याची काही चूक नव्हती, हे मी त्याला सांगितलं आणि इथेही लिहून ठेवते.

नैराश्याच्या गोळ्यांचा गुण यायला दोन ते चार आठवडे, कधी जास्तही लागतात, आणि रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले आठवडे सर्वांत नाजूक असतात. घरच्यांना नेमकं उलट वाटतं: घरी आले, म्हणजे सुटलो. म्हणून पहिला महिना मी दर दोन दिवसांनी फोन केला, आशाताई आठवड्यातून दोनदा जायची. काकांनी आणि मी मिळून एक कागद लिहिला होता, भिंतीवरच्या कॅलेंडरच्या मागे चिकटवलेला. माझं कधी बिघडायला लागतं: रात्री तीनची जाग, जेवण नको वाटणं, मांगराकडे पाय ओढणं. तेव्हा मी आधी काय करणार: खळ्यात येऊन काकींना उठवणार, चहा टाकणार. मग कुणाला फोन करणार: मेहुणे, मुलगा, मी, १४४१६. अक्षर त्यांचंच. 'काकींना उठवणार' हे लिहायला त्यांना सगळ्यांत जास्त वेळ लागला.

कर्जाचं काय? ते कर्ज गोळ्यांनी फिटत नाही, आणि हे मान्य केल्याशिवाय समुपदेशन पोकळ होतं. मुलगा, मेहुणे आणि काका तिघं सोसायटीत जाऊन बसले, हप्ते लांबवून घेतले. कराराची बाग सोडली. कंबरेसाठी व्यायाम सुरू झाले. दारू पूर्ण सुटायला चार महिने गेले, मध्ये एकदा घसरलेही. त्या वर्षी गणपतीत काका भजनाला जाऊन बसले, वाजवलं नाही. पोरगा वाजवत होता, आणि त्याची लय धावली की काकांचा हात मांडीवर पडायचा.

फॉर्मवरचे दोन प्रश्न

आता माझ्याकडचा तुकडा. तिशीपुढच्या माणसांसाठी आमच्याकडे एक तपासणी फॉर्म भरतात. रक्तदाब, मधुमेह, तंबाखू, कंबरेचा घेर, आणि शेवटी मनाविषयी दोन प्रश्न: गेल्या दोन आठवड्यांत कामात रस किंवा आनंद वाटेनासा झाला का, आणि खिन्न, निराश वाटलं का. प्रत्येकाला शून्य ते तीन गुण. बेरीज तीनच्या वर गेली की पुढे पाठवायचं. काकांचा फॉर्म त्याच वर्षी जूनच्या तिसऱ्या आठवड्यात भरला होता. मी तो कपाटातून काढून पाहिला. दोन्ही ठिकाणी शून्य. अक्षर आशाताईचं, खाली सही माझी.

आशाताईनं ते प्रश्न विचारले नव्हते. मला ते माहीत होतं, कारण आम्ही ते कुणालाच विचारत नव्हतो. बाहेर रांग असते, पावसात भिजलेली माणसं असतात, आणि धडधाकट दिसणाऱ्या बापयाला "तुमका आनंद वाटता काय?" असं विचारायला संकोच वाटतो. दोन शून्यं घातली की पान पुरं होतं. मिरगापासून, काका म्हणाले होते. म्हणजे फॉर्म भरला तेव्हा तो विचार त्यांच्या मनात येऊन दोनेक आठवडे झाले होते, आणि ते माझ्यासमोर स्टुलावर बसले होते.

त्यानंतर आम्ही ते दोन प्रश्न मालवणीत बसवून घेतले, आशाताईनं आणि मी, दोघींनी एकमेकींना विचारून. "गेल्या पंधरा दिवसांत खयच्याच कामात मन लागणा नाय, असा किती दिवस झाला?" असं विचारलं की माणसं थांबतात, मोजतात. महिन्याच्या सभेत गावातल्या आशा, अंगणवाडीताई, दुकानदार आणि भजनाचे बुवा यांना एकत्र बसवून धोक्याच्या खुणा सांगितल्या, काकांचं नाव न घेता. कुणी काही वेगळं पाहिलं तर उपकेंद्रात कळवायचं, एवढंच मागितलं. बुवांनी विचारलं, "कळवला आणि तसा काय नसला तर?" म्हटलं, तर मी त्यांच्या घरी जाऊन चहा पिऊन येईन.

यंदा जूनमध्ये काकांचा फॉर्म पुन्हा भरायचा होता. मी स्वतः भरला. पहिल्या प्रश्नाला ते म्हणाले, "नाय, आता बागेत मन लागता." शून्य. दुसऱ्याला थांबले, बोटांवर मोजलं. "तीन-चार दीस झाले असतले. पाऊस सुरू झालो तेव्हा." काही दिवस, म्हणजे एक. मी चौकटीत १ लिहिला, आणि पेन खाली ठेवून विचारलं, "त्या दिसांत काकीक उठवलात?"

"उठवलंय," ते म्हणाले. "चाय तिनाच केल्यान."